मोठा मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट? आमच्या स्टुडिओत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची ऑर्डर ठरते, ॲडव्हान्स होतो, चहा संपतो. मग माणूस उठता उठता टेबलावरच्या कॅमेऱ्यांकडे बघतो आणि म्हणतो, "बरं, ते राहू दे. मी कुठला घेऊ सांगा की." बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या स्टुडिओत हे आठवड्यातून चारदा तरी होतं. टेबलावर एक असतो लग्नात वापरायचा सोनी ए७ मार्क ४, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा मोठा मिररलेस, त्याला २४ ते ७० मिलिमीटर झूमची एफ २.८ लेन्स लावलेली. शेजारी माझ्या खिशातून निघालेला रिको जीआर ३. तिसरा, सेकंडहँड घेतलेला सोनी आरएक्स१०० मार्क ७, घरी बायकोच्या पर्समध्ये राहतो. पुढची उत्तरं या तिघांच्या वापरातून आलेली आहेत. तुमच्याकडे कॅनन किंवा निकॉनचा मिररलेस असेल तरी हिशेब फारसा बदलत नाही.

एवढ्याशा कॅमेऱ्याचा फोटो मोठ्यासारखा येतो का हो?

उन्हात येतो. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, विशेषतः ज्यांनी नुकताच मोठा घेतलाय ते.

स्टुडिओत राजहंसगडावरून काढलेले येळ्ळूरच्या भातशेतीचे दोन प्रिंट लावलेत, दोन्ही १२ बाय १८ इंचाचे. एक मोठ्याचा, एक आरएक्स१०० चा. कुठला कुठल्याचा ते ओळखा म्हटलं की लोक जवळ जातात, चष्मा वर करतात आणि निम्म्या वेळा चुकतात. यात जादू काही नाही. आरएक्स१०० चा फोटो ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तो १८ बाय १२ ला बरोब्बर पुरतो. ए७ मार्क ४ चा ७००८ बाय ४६७२, म्हणजे त्याच प्रतीत साडेतेवीस इंचांच्या आसपास जाईल. अल्बमचं ३६ इंची आडवं पान एकाच फोटोने भरायचं असेल तर फरक दिसायला लागतो. घरच्या भिंतीवर फ्रेम लावायची असेल तर नाही.

मग एवढे पैसे कशाचे घेतात?

रानाचे.

मोठ्या कॅमेऱ्यातला फुल-फ्रेम सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आरएक्स१०० मध्ये ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर असतो. तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, जेमतेम ११६ चौरस मिलिमीटर. (एक इंच त्याच्या कुठल्याही बाजूला भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून आलेलं ते नाव आहे, इतकंच.) म्हणजे मोठ्याचं रान सात एकरांचं, तर छोट्याचं एक एकराचं. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण सात एकरांत साचलेलं पाणी सातपट. प्रकाशाचं तसंच. दुपारी बारा वाजता एक एकरातलं पाणीही गरजेपुरतं होतं. रात्री हॉलमध्ये, जिथे मुळात पाऊसच नाही, तिथे एक एकरवाल्याची पंचाईत.

पैशाचा दुसरा भाग जातो लेन्समध्ये आणि फोकसच्या यंत्रणेत. माझी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि ही लेन्स नवी घेताना जेवढे मोजावे लागतात तेवढ्यात सेकंडहँड मोटार येते. माझा मेव्हणा दर दिवाळीला ही आठवण करून देतो.

लग्नाच्या हॉलमध्ये छोटा कॅमेरा चालेल का?

पाहुणा म्हणून आलात तर चालेल. फोटोग्राफर म्हणून आलात तर नाही.

आपल्याकडच्या कार्यालयांतला उजेड तुम्हाला माहीतच आहे. स्टेजवर जांभळा-गुलाबी एलईडी, समोर व्हिडिओवाल्याचा पांढराफटक दिवा, आणि मागच्या खुर्च्यांवर अंधार. अंतरपाट सरकतो तेव्हा मी बहुधा एफ २.८, शटर १/२०० आणि आयएसओ ३२०० वर असतो. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, किती उघडं, लहान आकडा म्हणजे मोठं तोंड. शटर १/२०० म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग उजेड आत. आयएसओ म्हणजे सेन्सरचा उजेड किती वाढवून घ्यायचा, तो वाढला की फोटोत दाणे येतात.) फुल-फ्रेमला ३२०० म्हणजे सकाळची न्याहारी.

त्याच जागी आरएक्स१०० घ्या. झूम पूर्ण केला की त्याचं अपर्चर एफ ४.५ च्या पुढे उघडत नाही. तोच शटर ठेवायचा तर आयएसओ ८००० च्या आसपास न्यावा लागतो. आणि एक इंची सेन्सरवरचे ८००० म्हणजे दाण्यांच्या दृष्टीने फुल-फ्रेमवरचे ५०,००० च्या वर. नवरीच्या शालूची जर आणि गालावरची हळद दोन्ही रवाळ दिसतात. शटर १/६० ला उतरवला तर रवा कमी होतो, पण अक्षता टाकणारे हात पुसट येतात. हात हलणारच, अक्षता आहेत त्या.

फोकसचंही तसंच. नवं आरएक्स१०० मॉडेल चेहरा आणि डोळा चांगला पकडतं, पण अंधार वाढला की घुटमळायला लागतं. अंतरपाट बाजूला होऊन दोघांची नजर भिडते तो क्षण अर्ध्या सेकंदाचा. तो पुन्हा करून दाखवा म्हणता येत नाही. (काही फोटोग्राफर म्हणतात. भटजींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.)

मागचं धूसर करून माणूस उठावदार दिसतो, तसा फोटो छोट्यातून येईल?

फारसा नाही. छोट्या सेन्सरला तोच देखावा टिपायला लेन्सही आखूड लागते, आणि लेन्स आखूड झाली की पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट राहतं. आरएक्स१०० चं एफ २.८ हे धूसरपणाच्या बाबतीत फुल-फ्रेमवरच्या एफ ७.६ सारखं वागतं. प्री-वेडिंगला जोडपं पुढे आणि मागचं झाड दुधासारखं पुसट हवं असेल तर मोठी बॉडी आणि ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, याला पर्याय नाही.

पण एक सांगतो. सगळंच धूसर करायची हौस गेल्या काही वर्षांत इतकी वाढलीय की पोरं गोकाकच्या धबधब्यासमोर उभी राहून धबधबा पुसून टाकतात. ५२ मीटर उंचीवरून पाणी पडतंय, तिथवर गाडीचं पेट्रोल जाळून गेलोय, ते दिसू द्या की.

रिकोमध्ये मोठा सेन्सर आहे म्हणतात. मग तो मोठ्याच्या बरोबरीचा झाला ना?

बराच जवळ जातो. जीआर ३ मध्ये एपीएस-सी सेन्सर आहे, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. त्याचं रान आरएक्स१०० च्या तिप्पट आहे. अंधारात मोठ्याच्या मागे तो सव्वा स्टॉपनेच राहतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). वजन बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो कुंद्याचा पुडा. शर्टाच्या खिशात राहतो.

याची किंमत दुसरीकडे मोजायची. झूम नाही, लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबाने २८ मिलिमीटरची, कायमची बसवलेली. पुढे जायचं तर पायांनी जा. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही, आतला फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही, उन्हात ती दिसत नाही आणि बॅटरी २०० फोटोंत मान टाकते. ज्याला हे सगळं चालतं त्याला हा कॅमेरा सोडवत नाही. ज्याला नाही चालत तो महिन्याभरात विकतो. २८ फार रुंद वाटत असेल तर ४० मिलिमीटरवाला जीआर ३एक्स आहे, २०२१ पासून. फुजीफिल्मचा एक्स१०० हाही याच कुळातला. त्याला सुंदर व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅश आहे, पण २०२४ चं सहावं मॉडेल अर्ध्या किलोच्या वर जातं. त्याला खिशातला म्हणायला खिसा वडिलांच्या कोटाचा हवा.

तुम्ही स्वतः मोठा सोडून छोटा का घेऊन फिरता?

कारण मोठा घरी राहतो.

ए७ मार्क ४ ची बॉडी ६५८ ग्रॅम, नवी २४-७० लेन्स ६९५ ग्रॅम. साडेतेराशे ग्रॅम गळ्यात, शिवाय बॅग. लग्नात ते मी बारा तास वागवतो, त्याचे पैसे मिळतात. रविवारी सकाळी गणपत गल्लीत भाजी आणायला जाताना कोण वागवणार? पहिली दोन वर्षं मी ठरवून न्यायचो. नंतर न्यायचं विसरलो. मग विसरल्याचंही वाटेनासं झालं. पोटासाठी फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या आईचे धड चार फोटो नाहीत, हे मला तिच्या पंचाहत्तरीच्या बॅनरसाठी फोटो शोधताना कळलं. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढलं, दुसऱ्याच कुणीतरी काढलेल्या. त्या महिन्यात जीआर घेतला.

दुसरं कारण समोरच्या माणसाचं. खानापूरच्या बाजारात, संकेश्वरच्या स्टँडवर, निपाणीत बिड्या वळत बसलेल्या बायकांच्या ओट्यावर, मोठा कॅमेरा उचलला की हवाच बदलते. कुणी पदर सारखा करतं, कुणी उठून जातं, कुणी विचारतं, "पेपरात येणार काय?" आमच्या सीमाभागात तर आणखी एक प्रश्न येतो, "कुठल्या बाजूचे तुम्ही?" वार्ताहर समजतात. छोटा बघितला की समजतात पाव्हणा आलाय, काढू दे.

याचा अर्थ चोरून काढावं असा नाही. छोट्याने परवानगी मागायची गरज संपत नाही, फक्त मागणं सोपं होतं. मराठी चालेल तिथे "काकी, एक फोटो काढू?" आणि गोकाक-सौंदत्तीकडे कन्नडमध्ये तेच, "फोटो तेगीलेन्री?" एवढं येत असलं तरी पुरे. नकार आला तर कॅमेरा खिशात. तो खिशात जातो हेही समोरच्याला दिसतं. मोठा गळ्यात लटकतच राहतो.

भर दुपारी चेहरे काळे येतात. यात कुठला चांगला?

इथे छोटा जिंकतो, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही.

दुपारच्या उन्हात फेटा बांधलेल्या माणसाचे डोळे सावलीत जातात. उपाय जुनाच, थोडासा फ्लॅश मारायचा. पण मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरून पडदा सरकतो. शटर १/२५० च्या वर गेला की पूर्ण सेन्सर एका वेळी उघडाच नसतो, त्यामुळे साध्या फ्लॅशचा उजेड अर्ध्याच फोटोवर पडतो. हाय-स्पीड सिंक म्हणून सोय आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते आणि मोठा फ्लॅश जवळ बाळगावा लागतो.

बऱ्याच चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असतो, पाकळ्यांसारखा. त्याला लीफ शटर म्हणतात. तो उघडतो तेव्हा पूर्ण सेन्सर एकदम उघडा होतो, म्हणून १/१००० लाही फ्लॅश पूर्ण पडतो. आरएक्स१०० चा तो नखाएवढा फ्लॅश सहा-सात फुटांवरच्या चेहऱ्याला भर उन्हात पुरतो. शिवजयंतीला, म्हणजे आपल्या वैशाखातल्या, दुपारी ढोलपथकाची तयारी चालू असते तेव्हाचे माझे सगळ्यात चांगले फोटो बायकोच्या पर्समधल्या कॅमेऱ्याचे आहेत. रात्री चित्ररथ निघाले की मात्र मोठा.

लीफ शटरचा आवाजही जवळजवळ नसतो. भजनात, मयतात, झोपलेल्या पोराजवळ याचा उपयोग किती ते सांगायला नको.

मोठ्या कॅमेऱ्यातही आवाज बंद करता येतो की.

येतो, इलेक्ट्रॉनिक शटर लावून. पण हॉलमध्ये लावू नका. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. मग फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे. माझ्या एका होतकरू मदतनिसाने सीमांतपूजन पूर्ण अशा पट्ट्यांत काढलंय. नवरीचे वडील म्हणाले, हे डिझाइन छान आहे. मी गप्प बसलो.

मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० ठेवला तर पट्टे बहुतेक जातात. सजावटीच्या स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र आपल्याच लयीत लुकलुकतात. तिथे आधी चार फोटो काढून, मोठे करून बघणं हाच मार्ग.

दोन कार्डांची जागा खरंच लागते का?

पैसे घेऊन काम करत असाल तर लागते, आणि या एका मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. चिकोडीकडचं लग्न, तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसायचं. हळदीपासून मुहूर्तापर्यंतचं सगळं त्यावर. जेवणाच्या पंगतीला स्क्रीनवर आलं, कार्ड वाचता येत नाही. नवं कार्ड, नावाजलेल्या कंपनीचं, पावतीसह. पुण्याला पाठवून सत्तर-ऐंशी टक्के फोटो परत मिळाले, ते माझं नशीब. पण मंगलाष्टकांचा तुकडा गेला तो गेलाच. त्या घरातली माणसं भली, त्यांनी उरलेल्या पैशातला रुपया कापला नाही. आजही त्या गावावरून गाडी गेली की मी दुसऱ्या बाजूला बघतो.

ए७ मार्क ४ मध्ये दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीवर जातो. कॉम्पॅक्टमध्ये एकच. खिशातल्या कॅमेऱ्याने लग्नाची ऑर्डर घेऊ नका असं मी म्हणतो तेव्हा सेन्सरच्याही आधी मला हे सुचतं. मोठा कॅमेरा म्हणजे खात्री विकत घ्यायची. छोटा म्हणजे रोज काढायची सवय.

पावसाळ्यात, यात्रेत कुठला टिकतो?

याचं उत्तर तीन तुकड्यांत द्यावं लागेल, कारण पाणी वेगळं, दमट हवा वेगळी आणि भंडारा वेगळा.

पाणी. मोठ्या बॉडीला सांध्यांतून रबर असतं, पण लेन्सला नसेल तर त्याचा उपयोग नाही. भुरभुर पावसात निभतो, कणकुंबी-जांबोटीच्या पावसात प्लॅस्टिक पिशवी घालायलाच हवी. आरएक्स१०० आणि जीआर दोघांनाही असं संरक्षण नाही. पावसातच भटकायचं असेल तर ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा ओएम सिस्टम या नावाने आलेला पुढचा टीजी-७ घ्या. १५ मीटर पाण्याखालीही चालतो. सेन्सर मात्र फोनएवढाच, तेव्हा अपेक्षाही तेवढीच ठेवा.

दमट हवा. हा आपला खरा शत्रू. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. खानापूरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या दर दुसऱ्या लेन्समध्ये मला ती दिसते. चामड्याच्या केसमध्ये किंवा मखमलीत गुंडाळून ठेवू नका, ओल तीच धरते. तांदळाचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा. ४० ते ५० टक्के चांगले. निळी जेल गुलाबी पडली की तव्यावर मंद आचेवर फिरवली की पुन्हा निळी होते. मोठ्याची बुरशी लागलेली लेन्स काढून साफ करायला देता येते. कॉम्पॅक्टची लेन्स बॉडीतच, सगळा कॅमेरा उघडावा लागतो, आणि उघडणारा माणूस सांगतो, "राहू द्या, नवाच घ्या."

भंडारा. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत तो कसा उधळतात ते बघितलंच असेल. आरएक्स१०० ची लेन्स नळी बाहेर काढते आणि आत घेते, आणि आत घेताना हवेबरोबर पूडही ओढते. आमचा पहिला कॉम्पॅक्ट असाच गेला. नळी अर्धी बाहेर, करकर आवाज, आणि स्क्रीनवर लेन्सची चूक. आत हळदीची पिवळी कड दिसत होती. जीआरची लेन्सही चालू करताना बाहेर येते आणि त्याच्या सेन्सरवर धूळ बसल्याच्या तक्रारी जगभर आहेत. यात्रेला मी आता मोठाच नेतो, एकच लेन्स लावून, आणि घरी येईपर्यंत ती काढत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या असल्या तरी तसंच, तिथे तांबडी माती.

फोन आहे की हातात. मग कॉम्पॅक्ट कशाला?

चांगला प्रश्न, आणि बऱ्याच जणांना कॉम्पॅक्टची गरज नाही हेच याचं प्रामाणिक उत्तर. फोन एका क्षणात पाच-सात फोटो काढून त्यांचा एक करतो, रात्रीचं आकाशही उजळवतो. व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर फोन पुरे.

कॉम्पॅक्ट वेगळा पडतो तो खऱ्या झूममध्ये, खऱ्या फ्लॅशमध्ये आणि फोटो फोनसारखा घोटलेला दिसत नाही यात. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फोनला डाग वाटतात. शिवाय कॅमेरा काढला की मध्येच फोन वाजत नाही. हे शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका.

पक्षी काढायचे आहेत, घटप्रभेला जाणार आहे.

मग आहेत तसे दोन्ही नाहीत. आरएक्स१०० चा झूम २०० मिलिमीटरला संपतो, तेवढ्याने धुपदाळच्या पाण्यातला करकोचा पांढरा ठिपका येतो. मोठी बॉडी घ्या आणि ६०० पर्यंत जाणारी लेन्स. सोनीची २००-६०० एकटीच दोन किलोंच्या वर आहे. किंवा लांब झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स कायमची बसवलेली, पण खिशात न मावणारा) घेऊन सकाळच्या उजेडात काढा.

व्हिडिओसाठी?

रील आणि घरगुतीला आरएक्स१०० मार्क ७ पुरतो, माइक लावायची जागाही आहे. सलग लांब चित्रण असेल तर छोटी बॉडी तापते. लग्नाचा व्हिडिओ मोठ्यावरच.

बॅटरी?

मोठ्याची एका चार्जला पाचशेच्या वर फोटो, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ. आरएक्स१०० ची २६० च्या आसपास. कॉम्पॅक्ट घेतलात तर त्याच दिवशी दुसरी बॅटरी घ्या. मूळ कंपनीचीच घ्या, बाजारातली स्वस्त फुगते.

घरात २००८ चा जुना डिजिटल कॅमेरा पडलाय. पोरगी म्हणते तोच भारी आहे.

तिचं चुकत नाही. सध्या त्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशवाल्या, जरा भडक फोटोंची हौस आलीय आणि त्यांचे भावही चढलेत. फेकू नका. बॅटरी काढून बघा, फुगली असेल तर बदला. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घाला, ६४ चं त्याला वाचता येत नाही. त्याहून जुना असेल तर २ जीबीच्या वरचं कार्डही चालेल याची खात्री नाही.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

मोठा असेल तर शटर किती वेळा उडालाय तो आकडा विचारा, लेन्स बसते ती कडी घासलेली आहे का बघा आणि दोन्ही कार्डांच्या जागा वापरून बघा. लेन्समध्ये टॉर्च मारा. बुरशी असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, ती शेजारच्या लेन्सला लागते.

कॉम्पॅक्ट असेल तर तो चालू-बंद दहा वेळा करा आणि कान द्या. नळी अडखळली की हात जोडा. मग अपर्चर शक्य तितकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. विकणारा म्हणेल भिंतच घाण आहे. कॅमेरा थोडा हलवून दुसरा फोटो काढा. ठिपके तिथेच राहिले तर भिंत निर्दोष.

नवा घेताना पक्कं बिल घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो वाचवून देतो म्हणणारा बहुधा बाहेरून आणलेला माल देत असतो, ज्याला इथली वॉरंटी नाही. दुरुस्तीला कोल्हापूर, हुबळी किंवा पुणे गाठावं लागतं, तेव्हा वॉरंटी म्हणजे एसटीच्या चार खेपांचा प्रश्न आहे.

मला फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचाय. छोट्यापासून सुरुवात करू?

शिकायला छोटा, धंद्याला मोठा. नवा परवडत नसेल तर सेकंडहँड ए७ मार्क ३ घ्या. २०१८ चा आहे, २४ मेगापिक्सेल, दोन कार्डं, अजून कामाचा घोडा आहे. उरलेले पैसे लेन्समध्ये आणि एका फ्लॅशमध्ये घाला. बॉडी दर तीन वर्षांनी जुनी होते, लेन्स पंधरा वर्षं चालते.

आणि पहिलं वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढा. कॅमेऱ्याची बटणं आठ दिवसांत येतात. मामा कधी नवरीला उचलणार आणि तेव्हा आपण कुठे उभं राहायचं, ते यायला एक हंगाम जातो.

ते सगळं खरं, पण मी काय घेऊ ते सांगा.

एक मेमरी कार्ड घेऊन संध्याकाळी या, सोमवार सोडून कधीही. ओळखीचे असाल तर दोन्ही कॅमेरे देतो. बोगारवेसपासून खडेबाजारापर्यंत चालत जा, जाताना मोठ्याने काढा, येताना छोट्याने. मग इथे बसून दोन्हीचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघू. किती चांगले आले ते मी बघेन. तुम्ही एवढंच मोजा, कुठल्याने जास्त काढलेत.

कार्ड स्वतःचं आणा. माझी देत नाही, वर सांगितलंय तेव्हापासून.